१ ते ४०, ६१ ते ९५, १२०... हे पायथनमध्ये थोडक्यात कसं लिहायचं? (आणि ३ बॉक्स गेले कुठं)

बेदाणा_हिशेब · सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात आहे. शिक्षण बी.कॉम., पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा व्हिडिओ बघून शिकलोय, तेव्हा चूक दिसली तर हसा, पण सांगा.

काम असं. बागायतदार बेदाणा आणून ठेवतो, बॉक्सवर नंबर पडतात. सौद्यात माल गेला की डिलिव्हरीची चिठ्ठी येते. चिठ्ठीवरचे नंबर सलग कधीच नसतात, कारण मधला माल आधी उचललेला असतो नाहीतर दुसऱ्या चेंबरला पडलेला असतो. परवाची चिठ्ठी जशीच्या तशी देतो:

    १ ते ४०, ६१ ते ९५, १२०, २०१ ते २४०

मी लिहिलं होतं:

    बॉक्स = लिस्ट(रेंज(१, ४०)) + लिस्ट(रेंज(६१, ९५)) + [१२०] + लिस्ट(रेंज(२०१, २४०))

प्रोग्रामनं ११३ काढले. हमालांनी गाडीत चढवताना ११६ मोजले. बागायतदार समोर उभा, मॅनेजर माझ्याकडं बघतोय. १५ किलोचा एक बॉक्स, म्हणजे ४५ किलो बेदाण्याचा घोळ. दोनदा मोजलं, हमालच बरोबर.

रेंज (इथून तिथपर्यंतचे आकडे देणारी पायथनची सोय) शेवटचा आकडा घेत नाही हे माहीत होतं, ऐन वेळी विसरलो. पण अशा चिठ्ठ्या रोज येतात आणि प्रत्येक वेळी लिस्ट अधिक लिस्ट अधिक लिस्ट लिहून बोटं दुखायला लागली. पाच-सहा पट्टे एका दमात सांगायची काही सोय आहे का?

(इथल्या रिवाजाप्रमाणे कोडही देवनागरीत लिहिलाय. मशीनवर टाकताना कीवर्ड आणि आकडे रोमन करून घ्या.)

---

मिरज_लोकल · सोमवार, रात्री ९:५८

हमाल गप्प बसले असते तर ते ३ बॉक्स मिरजेला लावून द्यायचे की. भडंगात टाकले असते.

---

बेदाणा_हिशेब · रात्री १०:०१

भडंगात बेदाणा कोण टाकतं ओ?

---

मिरज_लोकल · रात्री १०:०२

फुकटचा असला की सगळे टाकतात.

---

घाटमाथा · सोमवार, रात्री १०:३०

साताऱ्याचा आहे, नोकरी पुण्यात, रोजचं काम हेच. तर आधी सरळ उत्तर. लिस्ट-लिस्ट लिहायची गरज नाही, चांदणी (*) वापर:

    बॉक्स = [*रेंज(१, ४१), *रेंज(६१, ९६), १२०, *रेंज(२०१, २४१)]

चांदणी रेंजमधले सगळे आकडे बाहेर ओतते. मधला सुटा १२० तसाच बसतो, त्याला वेगळा कंस नको. ही सोय पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. तू बघितलेल्या व्हिडिओत नसेल तर तो जुना असणार.

काही जुन्या पानांवर रेंज अधिक रेंज असं थेट लिहिलेलं सापडेल. पायथन २ मध्ये ते चालायचं, कारण तिथं रेंज म्हणजे लिस्टच होती. पायथन ३ मध्ये रेंज ही वेगळी चीज आहे, तिला अधिक चिन्ह कळत नाही, टाइपएरर देते.

आता तुला नक्की काय पाहिजे ते सांग. सगळे नंबर छापायचेत, की 'हा बॉक्स या चिठ्ठीत आहे का' एवढंच विचारायचंय? त्यावर पुढचं ठरेल.

---

बेदाणा_हिशेब · रात्री १०:४१

दोन्ही दादा. चिठ्ठी आली की यादी छापायची. आणि चेंबरमधून फोन येतो, 'अमुक नंबर आजच्या चिठ्ठीत आहे का?' तेव्हा लगेच हो-नाही सांगायचं.

---

घाटमाथा · रात्री ११:०५

मग यादी एकदाच काढ आणि हो-नाहीसाठी सेट ठेव:

    बॉक्स = {*रेंज(१, ४१), *रेंज(६१, ९६), १२०, *रेंज(२०१, २४१)}
    ८७ इन बॉक्स

महिरपी कंस लावला की सेट झाला, म्हणजे एक आकडा एकदाच ठेवणारा संच. लिस्टमध्ये 'इन' विचारलंस तर पायथन पहिल्यापासून एकेक बघत जातो, सेटमध्ये थेट जागेवर जातो. ११६ बॉक्सला फरक कळणारही नाही, पण सवय बरी.

आकडे लाखांत असते तर मी उलगडलेच नसते, पट्टेच ठेवले असते:

    पट्टे = [रेंज(१, ४१), रेंज(६१, ९६), रेंज(१२०, १२१), रेंज(२०१, २४१)]
    एनी(न इन प फॉर प इन पट्टे)

म्हणजे न हा आकडा एका तरी पट्ट्यात आहे का. रेंजमध्ये पूर्णांक आहे का हे पायथन ३ वजाबाकी-भागाकाराने ठरवतो, मोजत बसत नाही. आणि रेंज दहा आकड्यांची असो की दहा कोटींची, ६४ बिटच्या नेहमीच्या पायथनमध्ये तिचा जीव ४८ बाइट. तिच्यात फक्त सुरुवात, शेवट आणि पाऊल असतं, आकडे नसतात.

---

कोडकिडा_कुपवाड · मंगळवार, सकाळी ७:५०

नमपाय (आकडेमोडीची तयार लायब्ररी, कोडात 'एनपी') टाका, एका ओळीत काम होतं:

    एनपी.आर_[१:४१, ६१:९६, १२०, २०१:२४१]

याहून थोडक्यात काही नाही. रेंज हा शब्दसुद्धा लागत नाही.

---

घाटमाथा · सकाळी ८:१५

दिसायला झकास आहे, मान्य. नमपाय आधीच वापरात असेल तर मीही हेच लिहीन. पण ११६ बॉक्सच्या चिठ्ठीसाठी ते घालायचं म्हणजे कोथिंबिरीच्या एका जुडीला ट्रॅक्टर घेऊन बाजारात जाणं. शिवाय ४१ आणि ९६ तिथंही आहेतच. चिठ्ठीत ४० आणि कोडात ४१, ही फट बुजत नाही.

---

गणिताच्या_बाई · मंगळवार, सकाळी ११:२०

मी निवृत्त शिक्षिका, नातवाच्या लॅपटॉपवर पायथन शिकते आहे. थोडं बोलू का?

तुमची फट पायथनची नाही, 'पर्यंत' या शब्दाची आहे. वर्गात मी तीस वर्षं हे बघितलं. '१ पासून ४० पर्यंतच्या संख्या लिहा' म्हटलं की सगळी मुलं ४० लिहितात. '४० च्या आतल्या लिहा' म्हटलं की निम्मी लिहितात, निम्मी नाही. आणि 'बुधवारपर्यंत वही द्या' म्हटलं तर बुधवारी द्यायची की मंगळवारी संध्याकाळी, यावर पालकसुद्धा भांडतात. म्हणून आपल्याकडे जुनी माणसं स्पष्ट सांगायची: चाळीस धरून, किंवा चाळीस सोडून. पंचांग बघणारे, व्याज मोजणारे, सुतक मोजणारे, सगळे 'धरून की सोडून' हे आधी विचारतात.

रेंज ही 'सोडून'वाली आहे. पहिला धरून, शेवटचा सोडून. आणि त्याला कारण आहे. डायक्स्ट्रा नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हे फार सुरेख मांडलं होतं. शेवटचा सोडला की वजाबाकी म्हणजेच संख्या: १ ते ४१ सोडून, ४१ वजा १, बरोबर ४०. आणि एक पट्टा जिथे संपतो तोच आकडा पुढच्या पट्ट्याची सुरुवात, मध्ये ना फट ना दुहेरी मोजणी.

तेव्हा रेंजवर रागावू नका. पण चिठ्ठी लिहिणारा माणूस 'धरून' लिहितो, तर त्याचं 'धरून' कोडात एकाच जागी 'सोडून' करा. चार जागी केलंत तर एके दिवशी तीनच जागी कराल.

---

बेदाणा_हिशेब · मंगळवार, दुपारी १:३५

बाई, हे आमच्या मुनीमकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'मग इतकी वर्षं आम्ही काय वेगळं सांगत होतो?'

त्यांचे वडील हरिपूरला हळदीच्या पेवांचा (जमिनीखालच्या कोठारांचा) हिशेब ठेवायचे. पेवाच्या चिठ्ठीवर पोत्यांचे आकडे असायचे आणि शेवटच्या आकड्यापुढं एक आडवी रेघ. रेघ म्हणजे इथपर्यंत, हा धरून. पेवं आता फारशी राहिली नाहीत, काकांची रेघ अजून आहे. ती मला आजवर नुसती सवय वाटायची.

---

घाटमाथा · मंगळवार, दुपारी ३:१०

बाईंशी पूर्ण सहमत. त्याच्यापुढं जाऊन म्हणतो: रेंज हाताने लिहूच नकोस. चिठ्ठीच कोडात दे, जशी येते तशी:

    डेफ उलगड(चिठ्ठी):
        बॉक्स = सेट()
        फॉर तुकडा इन चिठ्ठी.स्प्लिट(","):
            टोकं = [इंट(ट) फॉर ट इन तुकडा.स्प्लिट("ते")]
            पहिला, शेवटचा = टोकं[०], टोकं[-१]
            बॉक्स.अपडेट(रेंज(पहिला, शेवटचा + १))
        रिटर्न बॉक्स

    उलगड("१ ते ४०, ६१ ते ९५, १२०, २०१ ते २४०")

स्प्लिट मजकुराचे तुकडे करतो, इंट तुकड्याचा आकडा करतो. अधिक एक फक्त एका जागी. सुट्या १२० साठी वेगळा इफ नाही, कारण त्यात 'ते' नसल्यानं टोकांची यादी एकाच आकड्याची होते, आणि तिचा पहिलाही तोच, शेवटचाही तोच.

आता मजा बघ. पायथनच्या कोडात ४० हा आकडा देवनागरीत लिहिला तर सिंटॅक्स एरर येतो. पण अवतरणचिन्हात, मजकूर म्हणून दिला तर इंट त्याला बिनतक्रार चाळीस करतो. आजूबाजूच्या मोकळ्या जागाही स्वतःच झाडतो. म्हणजे मुनीमकाकांनी फोनवर मराठीत टाइप केलेली चिठ्ठी तशीच चिकटवली तरी चालते. व्हेरिएबलची नावंही पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. 'टोकं', 'चिठ्ठी', 'उलगड' ही मी खरीच तशी ठेवतो, ऑफिसात नाही, घरी.

---

मिरज_लोकल · दुपारी ३:२२

आणि काकांनी अक्षरी लिहिलं, 'तेवीस ते तीस', तर? स्प्लिट केल्यावर 'तेवीस'मधलाच 'ते' उडेल, खाली राहील 'वीस'. तीन बॉक्सचा पुन्हा घोळ. 😄

---

घाटमाथा · दुपारी ३:४०

लईच बारकाईनं वाचतोस रे. पण घोळ होणार नाही. पहिला तुकडा रिकामा येईल आणि रिकाम्यावर इंट तिथंच व्हॅल्यूएरर देईल. 'वीस'वरही देईल, अक्षरी आकडे त्याला येत नाहीत. ओरडून थांबतं ते बरं, गुपचूप चुकतं त्याची भीती.

स्वल्पविरामाचंही तेच. चिठ्ठीच्या शेवटी एक जादा राहिला तर शेवटचा तुकडा रिकामा, पुन्हा एरर.

---

कोडकिडा_कुपवाड · दुपारी ४:०५

गुपचूप चुकायचं म्हणालात म्हणून. रेंज(९५, ६१) काय देते बघा. काहीच नाही! एरर नाही, इशारा नाही, रिकामी रेंज. आकडे उलटे पडले तर ३५ बॉक्स गायब आणि प्रोग्राम खूश.

मॅचकेसच्या (आकडा कुठल्या 'केस'ला जुळतो ते बघून वाट निवडायची रचना) बाबतीत मी स्वतः असा फसलोय. ३.१० मध्ये ते आलं म्हणून हौसेनं 'केस रेंज(१, ४१)' लिहिलं. वाटलं, १ ते ४० मधला आकडा आला की लागेल. एकदाही लागलं नाही, आणि एररही नाही. पायथन त्याचा अर्थ 'समोरची वस्तू स्वतःच रेंज जातीची आहे का' असा घेतो. आकडा काही रेंज नसतो, मग पुढं जातो. तिथं 'केस न इफ १ <= न <= ४०' असंच लिहावं लागतं. अर्धा दिवस गेला माझा.

---

घाटमाथा · दुपारी ४:३०

उलट्या आकड्यांचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्या उलगडमध्ये ती कसर आहे. अपडेटच्या आधी दोन ओळी घाला:

            इफ शेवटचा < पहिला:
                रेझ व्हॅल्यूएरर(तुकडा)

आणि एक राहिलंच. सेटमध्ये दुहेरी आकडे गिळले जातात. चिठ्ठीत '१ ते ४०, ३५ ते ५०' आलं तर ३५ ते ४० हे सहा बॉक्स दोनदा लिहिलेत, सेट ५० दाखवेल आणि गप्प बसेल. तुकड्या-तुकड्यांची बेरीज वेगळी ठेव, शेवटी सेटच्या लेनशी, म्हणजे एकूण संख्येशी, ताडून बघ. जुळली नाही तर चिठ्ठी परत.

---

पूररेषा · मंगळवार, रात्री ९:१५

माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथंच विचारते. पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी टाकायचं काम माझ्याकडं असतं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. छोटा प्रोग्राम केलाय, आकडा दिला की 'नेहमीची', 'इशारा' किंवा 'धोका' असं छापतो. रेंज(४०, ४५) लावून बघितलं, ४२.५ दिलं तर 'नाही' म्हणतंय. ४२.५ फूट ४० आणि ४५ च्या मध्ये नाही?

---

घाटमाथा · रात्री ९:५०

ताई, रेंज म्हणजे पट्टी नाही, जिना आहे. तिच्यावर फक्त पायऱ्या आहेत: ४०, ४१, ४२, ४३, ४४. ४२.५ वर पाय ठेवायला जागाच नाही. सलग मोजमापाला सरळ तुलना लावा, '४० <= फूट < ४५'. पायथनमध्ये ती अशी जोडून लिहिता येते.

पण तुमच्याकडे पट्ट्याला पट्टा लागून आहे, तिथं सगळ्यात आटोपशीर बायसेक्ट, आकडा किती सीमा ओलांडून गेला ते सांगणारी पायथनची तयार सोय. पट्टे लिहायचेच नाहीत, फक्त सीमा लिहायच्या:

    सीमा = [४०, ४५]
    नावं = ["नेहमीची", "इशारा", "धोका"]
    नावं[बायसेक्ट_राइट(सीमा, फूट)]

दोन सीमा, तीन नावं, एकही इफ नाही. राइट आणि लेफ्टमधला फरक नेमका काठावर कळतो. पाणी बरोबर ४५ ला टेकलं तर राइट 'धोका' सांगेल, लेफ्ट 'इशारा'वरच राहील. तुम्हाला राइट पाहिजे.

---

गणिताच्या_बाई · रात्री १०:०५

पूररेषा, एक विचारते. तुम्ही ३९ फूट ११ इंच कसे देता?

---

पूररेषा · रात्री १०:०८

३९.११

---

गणिताच्या_बाई · रात्री १०:२०

तिथे थांबा. फुटात १२ इंच, दहा नव्हेत. ३९ फूट २ इंच तुम्ही ३९.२ लिहाल, आणि पायथनच्या लेखी ३९.२ हे ३९.११ पेक्षा मोठं. म्हणजे पाणी ९ इंच चढलं तरी तुमचा प्रोग्राम 'उतरलं' म्हणेल. पुराच्या दिवसांत असं छापून ग्रुपवर टाकू नका बाई.

सगळं इंचात करा: फूट गुणिले १२ अधिक इंच. इशारा ४८०, धोका ५४०. ३९ फूट ११ इंच म्हणजे ४७९, इशाऱ्याला एक इंच कमी. आकडे पूर्णांक झाले, दशांश चिन्हाची कटकटच गेली.

---

पूररेषा · रात्री १०:४४

अगं बाई. चढ-उताराचा बाणही मी याच आकड्यावरून काढत होते. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा हा प्रोग्राम नव्हता हे बरं झालं. आत्ता बदलते.

---

मिरज_लोकल · रात्री १०:५१

तेव्हा प्रोग्राम असता तरी लाइट कुठं होती?

---

बेदाणा_हिशेब · शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

मंडळी, तीन दिवस उलगड चालवतोय. ती पहिली चिठ्ठी पुन्हा घातली, ११६. हमालांना सांगितलं, ते म्हणाले, 'आम्ही तेव्हाच सांगितलं हुतं की.'

काल एक प्रकार झाला. चिठ्ठी आली '१ ते ४०, २०१ ते ४०'. लिहिणाऱ्याच्या मनात २४० होतं, आपण बोलताना पुढचं शतक गाळतो तसं गाळलं. जुन्या कोडात रिकामी रेंज निघाली असती आणि ४० बॉक्स चेंबरमध्येच राहिले असते. कोडकिडांच्या मुद्द्यावरून घाटमाथादादांनी दिलेल्या त्या दोन ओळींनी अडवलं. विचार आला, प्रोग्रामलाच शिकवावं का, शेवटचा लहान असेल तर शतक आपोआप लाव म्हणून?

---

घाटमाथा · रात्री ८:००

नको. २०१ ते ४० म्हणजे २४० असेल, नाहीतर आकडे उलटे पडून ४० ते २०१ असेल, नाहीतर ३४० मधला ३ सुटला असेल. फोन कर आणि विचार. माल दुसऱ्याचा आहे.

---

बेदाणा_हिशेब · शनिवार, सकाळी ११:१५

बरोबर, फोनच करतो.

पण नवीन भानगड ऐका. मुनीमकाकांना बाईंचं म्हणणं इतकं पटलंय की आज सकाळपासून ते प्रत्येक चिठ्ठीवर '१ ते ४० धरून, ६१ ते ९५ धरून' असं लिहायला लागलेत. आणि इंट '४० धरून' वर आडवा पडला. काकांना 'धरून' लिहू नका म्हणायची माझी तरी छाती नाही, म्हणून पहिलीच ओळ घातलीय:

    चिठ्ठी = चिठ्ठी.रिप्लेस("धरून", "")

---

गणिताच्या_बाई · शनिवार, सकाळी ११:३२

आणि ज्या दिवशी काका 'सोडून' लिहितील?

---

बेदाणा_हिशेब · सकाळी ११:४०

तेव्हा एरर येईल बाई. मुद्दामच ठेवलाय.